बेचक्यातल्या चिखल्या जातात आणि महिन्याभरात परत येतात: नेमकं कुठे चुकतंय?

पायवाट

दोन्ही पायांची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यांच्या बेचक्यात कातडी पांढरी, ओलसर आणि फुगल्यासारखी झाली आहे. बोटं फाकवली की तळाशी बारीक लाल चीर दिसते. मोजे काढल्यावर खाज सुटते, पाणी लागलं की झोंबतं. क्लोट्रिमाझोल १ टक्का क्रीम दिवसातून २ वेळा लावलं की ५-६ दिवसांत खाज थांबते आणि कातडी कोरडी पडते. क्रीम बंद केल्यावर ३-४ आठवड्यांत सगळं पुन्हा पहिल्यासारखं. आता तिसरी खेप आहे.

तळव्याला खाज नाही. टाचेच्या कडेने कातडी कोरडी, पांढुरकी आहे, पण ती साध्या भेगांमुळे असावी. बंद बूट रोज ८-९ तास, जोड एकच. संध्याकाळी धावायचे बूट वेगळे.

विचारायचं ते असं:
१) या चिखल्याच आहेत हे घरी कसं ओळखायचं? याच्यासारखं दिसणारं दुसरं काय असू शकतं?
२) औषध चुकीचं आहे, की बुरशी त्याला दाद देईनाशी झाली आहे?
३) बूट आणि मोजे यांचं काय करायचं?
४) घरात एक मिश्र मलम आहे, बुरशीचं औषध आणि बेटामेथासोन एकत्र असलेलं. त्याने खाज एका दिवसात थांबते. तेच लावत राहिलं तर चालेल का?

---

सूक्ष्मदर्शक

चौथ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण त्यात घाई आहे. ते मिश्र मलम आजच थांबवा. त्यावर सविस्तर कुणीतरी लिहीलच. मी पहिल्या प्रश्नाकडे वळतो.

तुमचं वर्णन चिखल्यांचंच वाटतं. करंगळीच्या बाजूचं बेचकं सगळ्यांत अरुंद असतं, दोन्ही बोटं एकमेकांना चिकटून असतात, तिथे वारा लागत नाही आणि घाम मुरत राहतो. म्हणून सुरुवात बहुतेकदा तिथेच होते आणि मग ती अंगठ्याच्या दिशेने सरकते. हे करणारी बुरशी बहुतेक वेळा ट्रायकोफायटॉन रुब्रम, कधी ट्रायकोफायटॉन इंटरडिजिटाले. दोन्ही केराटिन खाऊन जगतात. केराटिन म्हणजे कातडीचा वरचा मेलेला थर आणि नखं ज्याची बनलेली असतात ते प्रथिन.

पण तुमच्या वर्णनात माझं लक्ष बेचक्यापेक्षा टाचेवर अडलं. पायाच्या बुरशीचा एक प्रकार असा आहे की त्यात खाज फारशी नसतेच. तळवा, टाच आणि पायाच्या कडा कोरड्या, जाडसर होतात आणि वरून पीठ भुरभुरल्यासारख्या दिसतात. लोक वर्षानुवर्षं त्याला ‘कोरडी त्वचा’ म्हणून तेल लावत बसतात. ओळखायची सोपी खूण अशी: पाय धुऊन पूर्ण वाळवा, उजेडात धरा आणि तळव्यावरच्या रेषा बघा. साध्या कोरडेपणात रेषांमध्ये विशेष काही दिसत नाही. बुरशी असेल तर त्या रेषांमध्येच बारीक पांढरी भुकटी भरलेली दिसते, जशी काळ्या पाटीवरच्या चरांमध्ये खडूची पूड अडकते. पायाच्या कडेला, जिथे तळव्याची जाड कातडी संपून वरची पातळ कातडी सुरू होते, तिथे गुलाबीसर, किंचित सोलवटलेली सीमारेषाही असते. सावळ्या कातडीवर ती गुलाबी न दिसता गडद तपकिरी दिसते. आणखी एक: भेगा साध्या असतील तर त्या टाचेच्या मागच्या अर्ध्या भागात, वजन पडतं तिथे असतात. पांढुरकेपणा मधल्या कमानीपर्यंत गेला असेल तर भेगांवर खापर फोडू नका.

पायाचं नखही बघा. पिवळट, जाड, खालून भुसा साचलेलं नख असेल तर तेही लिहा.

तिसरा प्रकार फोडांचा. तळव्याच्या मधल्या कमानीवर खाजणारे, पाणी भरलेले फोड येतात, बहुधा एकाच पायाला. तुमच्याकडे तो दिसत नाही.

आता चिखल्यांसारखं दिसणारं पण वेगळं असलेलं.

एरिथ्राझ्मा: हा जिवाणूंमुळे होतो, बुरशीमुळे नाही. बेचक्यात तशीच पांढरी किंवा तपकिरी, सोलवटलेली कातडी, पण खाज कमी. त्वचारोगतज्ज्ञांकडे वुड्स लॅम्प नावाचा अतिनील प्रकाशाचा दिवा असतो. त्याखाली एरिथ्राझ्मा पोवळ्यासारखा लाल चमकतो, चिखल्या चमकत नाहीत. तपासणीला जाण्याआधी पाय घासून धुतले तर तो चमकणारा रंग धुऊन जातो आणि निदान हुकतं, म्हणून त्या दिवशी बेचकी धुऊ नका. गोंधळ वाढवणारी गोष्ट म्हणजे क्लोट्रिमाझोलने हाही थोडाफार बसतो, त्यामुळे ‘बुरशीच्या क्रीमने फरक पडला म्हणजे बुरशीच होती’ हा तर्क पक्का नाही.

मऊ कुरूप: करंगळीच्या बेचक्यातच, एकाच जागी, दाबलं की टोचणारा पांढरा ठिपका. दोन बोटांची हाडं घासून तो होतो. खाज नाही, दुखणं असतं. बुरशीच्या औषधाचा उपयोग शून्य.

तळव्याला पिनांनी टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि सहन होणार नाही असा वास: हेही जिवाणूंचं काम, फार घाम येणाऱ्या पायांत. उपचार वेगळा.

बुटाच्या रबराची, चामड्याची किंवा गोंदाची ॲलर्जी: पायाच्या वरच्या बाजूला, बुटाचा पट्टा किंवा जीभ टेकते त्याच आकारात लाली आणि खाज. दोन्ही पायांना सारखीच. बेचकी मात्र स्वच्छ. बेचकी स्वच्छ असतील तर चिखल्यांचा संशय आपोआप कमी होतो. लहान मुलांच्या तळव्याचा पुढचा भाग चकचकीत होऊन भेगाळतो तेव्हाही बहुतेकदा बुरशी नसते, कारण वयात येण्याआधी चिखल्या क्वचितच होतात.

बेचक्यात हिरवट झाक, चिकट पाणी, वेदना आणि उग्र वास: बुरशीवर जिवाणूंनी घर केलं. इथे नुसत्या क्रीमवर राहू नका, दाखवा.

---

औषधपेटी

प्रश्न २ आणि ४ घेतो.

औषध चुकीचं नाही. मुदत चुकीची आहे. क्लोट्रिमाझोल दिवसातून २ वेळा आणि ४ आठवडे लावायचं असतं. तुम्ही ५-६ दिवसांवर थांबताय. म्हणजे प्रत्येक वेळी पाव वाटही चालून होत नाही.

असं का? क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल, कीटोकोनाझोल या गटातली औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणाला लागणारं एर्गोस्टेरॉल बनू देत नाहीत. त्वचेवर ती मुख्यतः बुरशीची वाढ रोखतात, तिला एका झटक्यात मारत नाहीत. वाढ थांबली की दाह उतरतो, खाज जाते, कातडी वाळते. बुरशी मात्र त्या मेलेल्या थरात जिवंत बसलेली असते. ती खऱ्या अर्थाने जाते तेव्हा, जेव्हा खालून नवी कातडी वर येते आणि जुना थर तिच्यासकट गळून पडतो. पायाची कातडी जाड, त्यामुळे याला आठवडे लागतात. चौथा आठवडा त्यासाठीच असतो. ४ आठवड्यांनीही सोलवटणं उरलं असेल तर ते जाईपर्यंत आणि त्यानंतर आणखी आठवडाभर चालू ठेवायचं.

एवढी शिस्त जमणार नसेल तर टर्बिनाफिन १ टक्का क्रीम जास्त सोयीचं. ते एर्गोस्टेरॉलच्या साखळीत आधीची कडी तोडतं. त्यामुळे बुरशीच्या पेशीत स्क्वालीन साठत जातं आणि पेशी मरते. बेचक्यासाठी दिवसातून २ वेळा, १ आठवडा. तळवा आणि कडा धरल्या असतील तर २ आठवडे. औषध वरच्या थरात मुरून राहतं आणि लावणं थांबवल्यावरही काही दिवस काम करतं, त्यामुळे आठवड्याच्या शेवटी कातडी पूर्ण नितळ दिसली नाही तरी घाबरून दुसरं काही चोपडू नका. ती पुढच्या दोन-तीन आठवड्यांत सुधारत जाते. लुलिकोनाझोल १ टक्का हा आणखी एक पर्याय, बेचक्यासाठी दिवसातून एकदा, २ आठवडे.

दाद न देणाऱ्या बुरशा आहेत, टर्बिनाफिनला न जुमानणाऱ्याही आहेत. पण तो संशय पूर्ण मुदत, पूर्ण मात्रा आणि सगळ्या जागा सांभाळूनही न गेल्यावर घ्यायचा. तुमच्या बाबतीत प्रत्येक खेपेला औषधाने फरक पडतो आहे, म्हणजे ते चालतंय.

निस्टाटिन असलेलं मलम कुणी सुचवलं तर नको. ते कॅन्डिडा नावाच्या वेगळ्या बुरशीवर चालतं, चिखल्यांच्या बुरशीवर नाही.

मात्रेबद्दल, कारण इथेही बरीच गडबड होते. प्रौढ माणसाच्या तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत ट्यूबमधून पिळलेली क्रीमची रेघ म्हणजे साधारण अर्धा ग्रॅम. एका पूर्ण पायाला, तळवा आणि वरची बाजू धरून, अशा २ रेघा, म्हणजे १ ग्रॅम लागतो. नुसती बेचकी आणि बोटांच्या कडा असतील तर दोन्ही पायांना मिळून एक रेघ पुरते. म्हणजे दिवसातून २ वेळा लावलं तर रोज १ ग्रॅम आणि ४ आठवड्यांना साधारण २८ ग्रॅम. तुमची १५ ग्रॅमची ट्यूब तीन खेपांना पुरली असेल तर काय झालं ते तुम्हीच मोजा.

लावायची रीत:
पाय साध्या साबणाने धुवा, साबण बेचक्यात राहू देऊ नका. टॉवेलचं टोक बेचक्यात धरून नुसतं टेकवत टिपून घ्या. करवतीसारखं पुढेमागे ओढलं की ती तळाची चीर आणखी फाटते. मग ५-१० मिनिटं पाय उघडे ठेवा. ओल्या कातडीवर क्रीम लावलं तर ते पातळ होऊन सरकतं, शिवाय ओल आत कोंडली जाते.
क्रीम पातळ लावून जिरवा. पांढरा थर दिसत राहिला तर जास्त झालं, ते बेचकं पुन्हा भिजवतं.
दिसणाऱ्या जागेच्या पुढे चहूबाजूंनी २ सेंटीमीटर लावा. एक बेचकं धरलं असेल तरी दोन्ही पायांची सगळी बेचकी घ्या.
शेवटी हात साबणाने धुवा.

बेचकं फारच ओलं, पाणी सुटलेलं असेल तर पहिले काही दिवस क्रीमऐवजी त्याच औषधाचं लोशन किंवा जेल बरं.

आता ते मिश्र मलम. बेटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइडं. खाज, लाली, सूज ही शरीराने बुरशीशी मांडलेल्या झगड्याची चिन्हं आहेत. स्टेरॉइड तो झगडाच बंद पाडतं. म्हणून एका दिवसात आराम वाटतो आणि त्याच आरामाखाली बुरशी मोकाट पसरते. काही आठवड्यांनी तिचं मूळ रूप इतकं बदलतं की बघणाऱ्यालाही ओळखता येत नाही: कड पुसट, मध्ये पुळ्या, कातडी पातळ. क्रीम सोडलं की दुप्पट खाज. हेच मलम जांघेत लावलं तर तिथे कायमचे पांढरे-लाल चट्टे पडतात, ते पुढे जात नाहीत. ट्यूबवर घटकांची नावं बारीक अक्षरांत असतात, ती वाचा. ‘झोल’ने संपणारं बहुधा बुरशीविरोधी, ‘सोन’ किंवा ‘सोल’ने संपणारं बहुधा स्टेरॉइड.

---

रानवारा

बूट-मोजे माझ्याकडे. औषधपेटी यांनी मुदतीबद्दल लिहिलं ते बरोबरच, पण पूर्ण मुदत घेऊनही एकाच ओलसर बुटाच्या जोडीत रोज पाय घातला तर पुन्हा लागण होणारच. कातडीच्या गळलेल्या पापुद्र्यांमध्ये ही बुरशी महिनोन्महिने जिवंत राहते आणि बुटाचं टोक तशा पापुद्र्यांनी भरलेलं असतं.

बुटाची आतली गादी सुटी होत असेल तर बाहेर काढा आणि बोटांच्या जागी पडलेले ठसे बघा. तिथे गडद, चिकट डाग असतील तर ती गादी टाकून नवी घाला. तेवढ्यासाठी बूट फेकायची गरज नाही.

दिवसभर घातलेला बूट रात्रीत वाळत नाही, आतला फेस आणि अस्तर घाम धरून ठेवतं. किमान २४ तास, जमलं तर ४८ तास मोकळा ठेवायला हवा. त्यामुळे दोन जोड आलटून पालटून वापरणं हा इथला सगळ्यांत उपयोगी बदल आहे. नाडी पूर्ण सैल, जीभ बाहेर ओढलेली, गादी बाहेर, आत कागदाचे बोळे. बोळे दोन-तीन तासांनी बदलायचे. नुसतं उन्हात ठेवून भागत नाही, कारण ऊन टोकापर्यंत पोचतच नाही. वाऱ्याची दिशा बुटाच्या तोंडात जाईल अशी ठेवा, साधा पंखा चांगलं काम करतो. कपाट बंद असेल तर बूट त्यात ठेवूच नका.

उपचार सुरू कराल त्या दिवसापासून बुटात टर्बिनाफिन किंवा मायकोनाझोलची पावडर अथवा स्प्रे मारा, मुख्यतः टोकाकडे, आणि पूर्ण वाळल्यावरच घाला. पायाचा उपचार संपल्यावर बुटाचं बघू असं केलं तर बऱ्या झालेल्या पायाला तोच बूट पुन्हा लागण देतो.

मोजे: धुताना उलटे करा, म्हणजे पापुद्रे असलेली आतली बाजू पाण्याला लागते. ४० अंशांच्या धुण्यात ही बुरशी टिकू शकते, ६० अंशांवर मरते. लेबलवर ६० अंश चालत नसेल तर असे मोजे उपचाराच्या काळात बाजूला ठेवा. वापरलेले मोजे इतर कपड्यांच्या ढिगात टाकू नका, धुण्यापर्यंत वेगळ्या पिशवीत ठेवा. टॉवेल, पायपुसणं आणि चादर यांनाही हाच नियम.

कापडाबाबत एक समज मोडावासा वाटतो. ‘सुती मोजे घाला’ हा सल्ला सरसकट दिला जातो. घाम कमी असेल तर सुती ठीक. पण भरपूर घाम येत असेल तर सूत तो शोषून ओलंच राहतं आणि ओला बोळा दिवसभर बेचक्याला चिकटून बसतो. धावण्यासाठी मेरिनो लोकर किंवा घाम बाहेर खेचणारे कृत्रिम धाग्यांचे मोजे जास्त चांगले. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मोजा ओला लागला की बदलायचा, दिवसात दोनदा लागला तरी. बोटांना वेगवेगळे कप्पे असलेले मोजे अरुंद बेचक्यांसाठी फार कामाचे. तसे नसतील तर झोपताना करंगळीच्या बेचक्यात कोरड्या गॉजची पातळ घडी ठेवा, सकाळी फेकून द्या.

सार्वजनिक न्हाणीघर, तरणतलाव, कपडे बदलायच्या खोल्या: तिथली ओली फरशी अनवाणी तुडवू नका, चप्पल घाला. आणि स्वतःला चिखल्या असताना तर घालाच.

---

औषधपेटी

पावडरीवर एक दुरुस्ती जोडतो. बुटात आणि मोज्यात औषधी पावडर, हो. ओल्या बेचक्यात पावडर, नको. तिची घामात लगदी होते, गोळ्या बनतात आणि त्या चिरेत टोचतात. शिवाय साधी टाल्कम पावडर ओल टिपते, बुरशीला काही करत नाही. आजार बरा झाल्यावर तो परत येऊ नये म्हणून कोरड्या पायाला टोलनाफ्टेट किंवा मायकोनाझोलची पावडर रोज हलकी मारणं मात्र चांगलं.

---

पायवाट

सगळ्यांचे आभार. आता उजेडात नीट बघितलं. सूक्ष्मदर्शक यांनी सांगितलेली ती भुकटी तळव्याच्या रेषांमध्ये आहे, दोन्ही पायांना, कमानीपर्यंत. उजव्या अंगठ्याचं नख बाहेरच्या कडेने पिवळं आणि जाड आहे, साधारण एक तृतीयांश. क्रीम आजवर फक्त बेचक्यात लावलं जात होतं.

अजून दोन गोष्टी. घरातल्या एका वडीलधाऱ्यांना मधुमेह आहे, न्हाणीघर आणि पायपुसणं एकच. आणि पाय व्हिनेगरच्या पाण्यात बुडवून ठेवायचा सल्ला मिळाला आहे, त्यात अर्थ आहे का?

---

सूक्ष्मदर्शक

मग परत येण्याचं कारण सापडलं. बेचकं हा फक्त दिसणारा भाग होता. साठा तळव्यात आणि नखात आहे. बेचकं साफ झालं की तिकडून ते पुन्हा भरतं.

तळव्याच्या जाड कातडीत क्रीम नीट शिरत नाही. म्हणून आधी थर उतरवायचा: झोपताना १० ते २० टक्के युरियाचं मलम, किंवा सॅलिसिलिक ॲसिड असलेलं, तळवा आणि टाचेला. बेचक्यात आणि चिरेवर ते लावू नका, भयंकर झोंबतं. बुरशीचं क्रीम सकाळी आणि संध्याकाळी लावा आणि ते जिरल्यावर बऱ्याच वेळाने, झोपण्याआधी युरिया. दगडाने घासून कातडी काढू नका. चिरा पडतात, आणि तोच दगड घरात दुसऱ्याने वापरला तर त्यालाही लागण.

तरीही खरं सांगायचं तर तळव्याचा हा प्रकार आणि सोबत नख असताना नुसत्या क्रीमने काम तडीस जाणं अवघड आहे. इथे गोळ्यांचा विचार होतो आणि तो डॉक्टरांनीच करायचा. टर्बिनाफिन २५० मिलिग्रॅम रोज १: कातडीसाठी साधारण २ ते ४ आठवडे, पायाच्या नखासाठी १२ आठवडे. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी करतात. काहींची तोंडाची चव काही काळ जाते, ते दिसल्यास लगेच कळवायचं. इट्राकोनाझोल हा दुसरा पर्याय, पण हृदयाचा पंप कमजोर असलेल्यांना तो चालत नाही, कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी जमत नाही आणि कॅप्सूल जेवणानंतरच घ्यावी लागते. ॲसिडिटीच्या औषधांसोबत ती नीट शोषली जात नाही. म्हणून चालू असलेली सगळी औषधं डॉक्टरांना सांगा.

गोळ्या सुरू करण्याआधी बुरशी आहे हे तपासून घ्या. कातडीची खरवड घेऊन तिच्यावर १० ते २० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात, त्यात कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशीचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. खरवड सीमारेषेवरून घ्यावी लागते, भिजलेल्या मधल्या भागातून नाही. निकाल त्याच दिवशी मिळू शकतो. कल्चरला, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून बघायला, मात्र ३-४ आठवडे लागतात. तपासणीत काही दिसलं नाही म्हणजे बुरशी नाहीच असं नसतं, नमुना चुकीच्या जागेचा असला तरी असंच होतं.

नखाबाबत धीर ठेवा. औषधाचा कोर्स १२ आठवड्यांत संपतो, पण अंगठ्याचं नख मुळापासून टोकापर्यंत नवं यायला १२ ते १८ महिने जातात. चांगली खूण एकच: मुळाशी स्वच्छ नख दिसू लागतं आणि खराब भाग पुढे सरकत जातो. खराब नख कापायची नेलकटर वेगळी ठेवा.

दोन जागा आणखी तपासा. जांघ: पायाची बुरशी तिथे कपड्यांबरोबर पोचते. म्हणून मोजे आधी आणि चड्डी नंतर घालायची, आणि पाय पुसलेला टॉवेल वर न्यायचा नाही. हाताचे तळवे: दोन्ही पाय आणि एकच हात, असं चित्र या बुरशीत नेहमी दिसतं. एका हाताचा तळवा कोरडा, पिठाळ असेल तर तोही याच उपचारात धरायचा. याउलट पायाला जोराची लागण असताना दोन्ही हातांच्या बोटांच्या कडेला खाजणारे बारीक पाणीदार दाणे आले, तर त्यात बुरशी नसते. ती शरीराची प्रतिक्रिया असते आणि पाय बरे झाले की दाणे जातात.

---

शुश्रूषा

मधुमेहाच्या मुद्द्यावर थोडं लांब लिहिते, कारण इथे तुमच्या खाजेपेक्षा गंभीर गोष्ट आहे.

बेचक्यातली ती बारीक चीर म्हणजे जिवाणूंना उघडं दार. तिथून पोटरीपर्यंत सेल्युलायटिस, म्हणजे कातडीच्या खोल थरांचा जिवाणूसंसर्ग, चढतो. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर चीर पडली, वास आला, तरी दुखत नाही आणि कळत नाही. म्हणून त्यांचे पाय रोज दुसऱ्या कुणीतरी बघायचे: पाचही बोटं एकेक करून फाकवायची, तळवा उजेडात धरायचा, टाच बघायची. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यांना स्वतःलाही बघता येतं. त्यांना चिखल्या दिसल्या तर घरगुती प्रयोग न करता पहिल्याच दिवशी दाखवा.

पायपुसणं आजपासून वेगळं, टॉवेल वेगळा, चप्पल वेगळी. न्हाणीघराची फरशी साबणाने धुऊन वाळू द्या. तुमचे पापुद्रे ज्या ओल्या पायपुसण्यात अडकतात त्यावर त्यांचा पाय पडता कामा नये, एवढं सांभाळलं तरी पुष्कळ.

मधुमेह असो वा नसो, ही चिन्हं दिसली तर थांबू नका: लाली पायावरून वर सरकते आहे, पाय गरम आणि सुजलेला आहे, दुखणं खाजेपेक्षा जास्त झालं, लाल रेघ वर चढताना दिसते, ताप किंवा थंडी वाजते, पू येतो. लालीच्या कडेवर पेनाने रेघ ओढून वेळ लिहा. काही तासांत लाली रेघेबाहेर गेली तर डॉक्टरांना सांगायला तो पक्का पुरावा होतो. पण रेघ ओढली म्हणून वाट बघत बसायचं नाही, निघायचंच.

व्हिनेगर: बुरशी मारण्याइतकं त्यातलं ॲसिड जाड कातडीत मुरत नाही आणि चिरलेल्या बेचक्यात ते आग करतं. शिवाय अर्धा तास पाण्यात पाय ठेवून आपण बेचकी भिजवतोच, जे टाळायचं होतं. ब्लीचचं पाणी तर अजिबात नको, कातडी भाजते. लसणाचा ठेचा बांधूनही भाजलेल्या कातडीसारखे फोड येतात. टी ट्री तेलाने काहींना ॲलर्जी होते आणि मग बुरशी कुठली, ॲलर्जी कुठली हेच समजत नाही.

बुडवून ठेवण्याला एकच जागा आहे: बेचकं पाणी गळण्याइतकं ओलं असताना, आणि तेही डॉक्टरांनी सांगितलं तर. तेव्हा पोटॅशियम परमँगनेट १:१०,००० देतात. म्हणजे ४०० मिलिग्रॅमची १ गोळी ४ लिटर कोमट पाण्यात. रंग फिका गुलाबी हवा. जांभळं दिसलं तर जास्त झालं, पाणी घाला. गोळी पूर्ण विरघळू द्या, न विरघळलेला कण कातडीला लागला तर भाजतो. १०-१५ मिनिटं, मग टिपून वाळवा. नखं तपकिरी होऊ नयेत म्हणून आधी त्यांच्यावर व्हॅसलीन लावा. प्लास्टिकची बादली रंगते, ती वेगळीच ठेवा. ओल गेली की २-३ दिवसांत हे बंद, नाहीतर कातडी उलट कोरडी होऊन फाटते. गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेल्यास घातक आहेत.

बधिर पायांना तापमान कळत नाही. त्यांच्यासाठी पाणी कोपराने तपासा, आणि बुडवण्याचा निर्णय घरी घेऊ नका.

---

औषधपेटी

पायवाट, एक अडचण आधीच सांगून ठेवतो. तुम्ही खरवड द्यायला जाणार असाल तर आज क्रीम सुरू करू नका. बुरशीचं औषध लागलेल्या कातडीत धागे सापडत नाहीत आणि कल्चरही उगवत नाही, त्यामुळे नमुन्याआधी साधारण २ आठवडे क्रीम बंद असलेलं बरं. आत्ता चालू असेल तर शेवटचं कधी लावलं ती तारीख लिहून ठेवा आणि तपासणाऱ्याला सांगा. बेचकं सहन होत नसेल तर तिथे लावा, तळवा आणि नख नमुन्यासाठी कोरे सोडा.

नखाचा नमुना टोकाचं कातरण देऊन भागत नाही. टोकाशी बुरशी बहुधा मेलेली असते. नख मागे छाटून, खराब आणि चांगला भाग मिळतो तिथला खालचा भुसा द्यायचा. हे त्यांना आठवण करून द्यायला संकोचू नका. नेलपॉलिश असेल तर आधी काढा.

बुटांची पावडर, दुसरा जोड आणि ६० अंशांचं धुणं मात्र आजपासूनच सुरू करा. त्यासाठी कुठल्या निकालाची वाट बघायची नाही.